पाहून केलेले विनोद, वापरून केलेले विनोद

सेगाचं ‘३२एक्स’ का आपटलं? जुन्या गेमर मंडळींचं यावर ठरलेलं उत्तर आहे : घरात तेवढे प्लग नव्हते.

ऐकणारा हसतो, आणि सांगणाराही त्याने हसावं म्हणूनच सांगतो. पण हे उत्तर जरा जवळून बघण्यासारखं आहे. १९९४ साली अमेरिकेत ज्या मुलाकडे सेगाचं ‘जेनेसिस’ होतं, त्याच्या घरी त्या यंत्राचा एक अ‍ॅडॅप्टर होता. दोन वर्षांपूर्वी आलेलं ‘सेगा सीडी’ त्याने हट्ट करून घेतलं असेल, तर दुसरा. आणि जेनेसिसच्या डोक्यावर, कॅसेटच्या खाचेत बसवायचा ३२एक्स नावाचा काळा ठोकळा त्याने १५९ डॉलर देऊन आणला, की तिसरा. हे अ‍ॅडॅप्टर आजच्या मोबाइलच्या चार्जरसारखे चिमुकले नव्हते. एक बोर्डात खोचला की शेजारची जागाही अडायची. तीन ठोकळे, त्यांच्या तीन वायरी, जेनेसिस आणि ३२एक्स यांना जोडणारी आणखी एक वायर, आणि मग टीव्हीकडे जाणारी. एवढा सगळा पसारा मांडल्यावर सीडी आणि ३२एक्स ही दोन्ही लागतील असे गेम किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

३२एक्स अमेरिकेत आलं २१ नोव्हेंबर १९९४ ला. दुसऱ्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, सेगाने जपानमध्ये ‘सॅटर्न’ हे संपूर्ण नवं कन्सोल बाजारात आणलं. म्हणजे ज्याने तिसरा ठोकळा बोर्डात खोचला, त्याच्या हातातली वस्तू घेतल्याक्षणीच जुनी झाली होती. प्लगच्या विनोदामागचा प्रश्न हाच आहे, की एकाच गिऱ्हाइकाकडे कंपनी किती वेळा हात पसरणार? आर्थिक विश्लेषणाची दहा पानं वाचून जे कळेल, ते त्या एका वाक्यात आलेलं आहे.

मी लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळत, त्यांच्याबद्दल वाचत आणि वाद घालत आलो. न खपलेल्या कन्सोलांविषयी कानावर येणारे खुलासे दोन तऱ्हांचे असतात. एक कंपनीचा : बाजारातली बदलती परिस्थिती, वाढती स्पर्धा, अपेक्षेपेक्षा कमी प्रतिसाद. दुसरा खेळणाऱ्यांचा : यंत्र कमोडसारखं दिसत होतं, नाव अशुभ होतं, फोन कानाला लावला की माणूस बावळट दिसायचा. हा दुसरा प्रकार मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो पैसे मोजणाऱ्यांच्या तोंडून आलेला आहे. पण सगळे विनोद सारख्या किमतीचे नाहीत. काही विनोद यंत्र नुसतं पाहून केलेले असतात आणि काही ते वापरून. पाहून केलेला विनोद कारण म्हणून बहुधा लटका पडतो, वापरून केलेला क्वचितच. आणि ते ताडून पाहायची रीतही सोपी आहे : ज्या दोषावरून हसू आलं, तोच दोष असलेलं दुसरं एखादं यंत्र धडाक्यात खपलं आहे का?

निन्टेंडोचं ‘गेमक्यूब’ घ्या. २००१ साली आलं. जांभळा चौकोनी डबा, मागे उचलायला कडी. लोक म्हणाले, हा तर शाळेतल्या मुलाचा जेवणाचा डबा, असलं यंत्र कोण मोठा माणूस दिवाणखान्यात ठेवणार? एकूण खप २ कोटी १७ लाख, म्हणजे निन्टेंडोच्या मानाने फिकाच. पण त्याच वर्षी त्याच कंपनीने जवळपास त्याच जांभळ्या रंगात ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ आणलं आणि ते ८ कोटींहून अधिक खपलं. रंगाने काही घात केला नाही. गेमक्यूबची छोटी तबकडी दीड जीबीची होती, सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’मध्ये पूर्ण डीव्हीडी चालायची, आणि सिनेमेही लागायचे. ज्या घरात अजून डीव्हीडी प्लेअर आला नव्हता, तिथे हा हिशेब दोन मिनिटांत सुटत होता.

अटारीच्या ‘जॅग्वार’चंही तसंच. त्याला जोडायचा सीडीचा भाग १९९५ मध्ये आला, आणि तो वर बसवला की सगळं मिळून हुबेहूब कमोड दिसतो. फोटो पाहा, मग पटेल. पण तो भाग आला तेव्हा जॅग्वार आधीच हरलेलं होतं. एकूण विक्री अडीच लाखांच्याही आत. त्याला खेळण्याजोगे गेमच नव्हते, आणि जे होते ते ६४ बिटच्या जाहिरातीला साजेसे नव्हते. पुढे त्या यंत्राच्या बाहेरच्या आवरणाचे साचे दातांच्या डॉक्टरांसाठी कॅमेरे बनवणाऱ्या एका कंपनीने विकत घेतले. म्हणजे आवरणात वाईट काही नव्हतं. आकाराची चेष्टा तर ‘प्लेस्टेशन ५’चीही झाली, कुणी त्याला वायफायचा राउटर म्हटलं, कुणी इमारत. त्याने ८ कोटींचा टप्पा ओलांडला आहे.

पाहून केलेल्या विनोदांपैकी सगळ्यात टिकाऊ विनोद जपानमधल्या एक्सबॉक्सचा. मायक्रोसॉफ्टने २२ फेब्रुवारी २००२ ला ते तिथे आणलं आणि त्याच्या आयुष्यात ते तिथे जेमतेम पाच लाखांपर्यंत पोचलं. उपपत्ती अशी की जपानमध्ये × ही खूण म्हणजे ‘चूक’. आपल्याकडे गुरुजी चुकलेल्या गणितावर लाल फुली मारतात, तशीच. बरोबर उत्तराला तिथे वर्तुळ. मग ज्या यंत्राच्या नावातच फुली, ते कोण घेणार?

ऐकायला ही उपपत्ती फार गोड आहे. परदेशी कंपनी, तिला स्थानिक संकेत ठाऊक नाहीत, आणि एका अक्षराने केलेला घात. अशा गोष्टी आपल्याला आवडतात. पण ती टिकत नाही. जपानच्या सर्वांत लोकप्रिय रॉक बँडपैकी एकाचं नाव ‘एक्स जपान’ आहे. ‘हंटर × हंटर’ ही चित्रकथा तिथे वर्षानुवर्षं गाजते आहे. आणि ज्या प्लेस्टेशनने एक्सबॉक्सला हरवलं, त्याच्या प्रत्येक कंट्रोलरवर × चं बटण आहे. वर्तुळ आणि फुली या खुणा सोनीने ‘हो’ आणि ‘नाही’ या अर्थानेच घेतल्या होत्या. जपानी मुलं कित्येक वर्षं वर्तुळ दाबून ‘हो’ म्हणत होती आणि फुली दाबून मागे येत होती. फुलीचं वावडं असतं, तर ती त्यांच्या अंगठ्याखाली राहिली नसती.

मग काय झालं? त्याच यंत्राबद्दलचा दुसरा विनोद ऐका : कंट्रोलर धरायला सुमो पैलवान लागतो. हा वापरून केलेला आहे. एक्सबॉक्सचा पहिला कंट्रोलर खरोखरच अवाढव्य होता, ‘ड्यूक’ असं त्याचं टोपणनाव पडलं होतं. जपानसाठी मायक्रोसॉफ्टला छोटा कंट्रोलर बनवावा लागला, आणि तो इतका बरा निघाला की पुढे अमेरिकेतही तोच देऊ लागले. यंत्रात डिस्कवर चरे पडतात अशा तक्रारीही जपानमध्ये सुरुवातीलाच झाल्या. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जपानी माणसाला आवडतील असे, कथेच्या ओघाने पुढे जाणारे भूमिकाप्रधान गेम त्यावर फारसे नव्हते. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची यांचा ‘ब्लू ड्रॅगन’, ज्यातली पात्रं अकिरा तोरियामांनी रेखाटली, तो २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आला, आणि जपानमध्ये त्या यंत्राचा खप एकदम उसळला. फुली होती तिथेच होती. गेम आला, लोक आले. तसे गेम पुरेसे येत राहिले नाहीत, लोक गेले.

आता वापरून केलेल्या विनोदांकडे येऊ. इथे मला जास्त रस आहे, कारण इथे प्रत्येक विनोदात एक माणूस दिसतो, ज्याने ती वस्तू घरी नेली, खोक्यातून काढली आणि जो पाच मिनिटांनी गप्प झाला.

निन्टेंडोचा ‘व्हर्च्युअल बॉय’ १९९५ मध्ये आला. अमेरिकेत किंमत १७९ डॉलर ९५ सेंट. दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर ठेवायचा, खुर्ची पुढे ओढायची, मान वाकवून दोन्ही डोळे भिंगांना लावायचे. आत प्रत्येक डोळ्यासाठी लाल दिव्यांची एकच उभी ओळ, २२४ दिव्यांची, आणि तिच्यासमोर सेकंदाला पन्नास वेळा थरथरणारा आरसा. आरशाच्या त्या थरथरण्यातून एका ओळीचं अख्खं चित्र व्हायचं, काळ्यावर लाल, आणि त्याला खोली असायची. कल्पना विलक्षण आहे, आजही ते आत पाहिलं की मन हरखतं. लाल रंग निवडला, कारण तेच दिवे तेव्हा स्वस्त होते आणि वीजही कमी खायचे. पण मान? डोळे? ठरावीक वेळाने खेळ आपोआप थांबवण्याची सोय निन्टेंडोने स्वतःच आत ठेवली होती. लोक म्हणाले, डोकेदुखीची गोळी वेगळी घ्यावी लागते. एकूण खप सुमारे ७ लाख ७० हजार, गेम जपान आणि अमेरिका मिळून २२.

एक गोष्ट मात्र या यंत्राचा इतिहास सांगताना सहसा सुटते. याचं चित्र टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवता येत नव्हतं, शेजारी बसलेल्यालाही दिसत नव्हतं. म्हणून अमेरिकेत ते भाड्याने द्यायची मोहीम काढली, दहा डॉलरमध्ये घरी न्या आणि पाहा. इतर कुठल्याही वस्तूला यामुळे गिऱ्हाईक मिळालं असतं. इथे लोकांनी नेलं, पाहिलं, मान चोळली आणि परत आणून दिलं. हे यंत्र गुनपेई योकोई यांचं, ज्यांनी ‘गेम बॉय’ दिला. करड्या रंगाचा, विटेसारखा, रंगीत पडदा नसलेला गेम बॉय दिसायला काही देखणा नव्हता, पण तो खिशात मावायचा, बसमध्ये चालायचा आणि बॅटरीचे सेल कित्येक तास टिकायचे. रंगीत आवृत्ती धरून तो ११ कोटी ८० लाखांहून अधिक खपला. एकाच माणसाच्या हातून झालेली ही दोन यंत्रं शेजारी ठेवली, की दिसण्याला किती कमी आणि वापराला किती जास्त किंमत असते, ते कळतं.

नोकियाचा ‘एन-गेज’ ७ ऑक्टोबर २००३ ला आला. नोकिया हे तेव्हा आपल्याकडेही मोबाइलचं दुसरं नाव होतं, त्यामुळे फोन आणि गेम एकाच वस्तूत मिळणार म्हटल्यावर उत्सुकता मोठी होती. पण बोलताना कान आणि तोंड लावायची जागा फोनच्या कडेवर होती. म्हणजे फोन गालाला टेकवायचा नाही, तर त्याची धार कानाला लावायची आणि सपाट बाजू समोर उभी राहू द्यायची. समोरच्याला वाटावं, माणसाच्या कानाला टाको, म्हणजे दुमडलेली मेक्सिकन पोळी, चिकटला आहे. अमेरिकेत तेच नाव पडलं, टाकोफोन. लोक मग बूट, पुस्तकं, हाताला येईल ती वस्तू तशीच कानाला लावून फोटो काढू लागले. त्याच्या जोडीला गेम बदलायचा प्रकार : फोनचं मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, फोन बंद, कार्ड बदला, बॅटरी बसवा, झाकण लावा, फोन चालू व्हायची वाट पाहा. बसमध्ये उभं राहून हे करून बघावं. किंमत २९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या गेम बॉयच्या तिप्पट.

नोकियाने हे विनोद ऐकले, आणि त्याबद्दल त्या कंपनीला श्रेय दिलं पाहिजे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘एन-गेज क्यूडी’मध्ये फोन नेहमीसारखा गालाला लावता येत होता आणि कार्ड बॅटरी न काढता बदलत होतं. दोन्ही विनोद दोन्ही दुरुस्त्यांशी तंतोतंत जुळतात. उशीर मात्र झाला होता, एव्हाना हे यंत्र हातात धरून मिरवायची कुणाची इच्छा उरली नव्हती.

किमतीवरचे विनोद दोन्ही बाजूंना पडतात. १९९३ मध्ये ‘३डीओ’ ७०० डॉलरला आलं आणि घरातला कर्ता माणूस विकून आणावं लागेल अशी त्याची थट्टा झाली. ती खरी ठरली, सगळे मिळून २० लाखांच्या आसपासच खपलं. पण ‘प्लेस्टेशन ३’सुद्धा २००६ मध्ये ६०० डॉलरला आलं. त्याचे कर्ते केन कुतारागी म्हणाले होते की हे घ्यायचं म्हणून जास्त तास काम करावं असं लोकांना वाटायला हवं. त्या वाक्यावर जग हसलं, वर्षानुवर्षं हसलं, आणि शेवटी ८ कोटी ७० लाख यंत्रं विकत घेऊन बसलं. फरक कशात? सोनी सुरुवातीला यंत्रावर तोटा सोसू शकत होती, कारण पुढे प्रत्येक गेममागे तिला पैसा मिळणार होता, आणि जसा यंत्राचा खर्च उतरला तशी किंमत खाली आली. ३डीओची रचना वेगळी होती. ट्रिप हॉकिन्स यांची कंपनी फक्त आराखडा द्यायची, यंत्र पॅनासोनिकसारख्या कंपन्या बनवायच्या, आणि त्यांचा नफा यंत्राच्या किमतीतूनच निघायला हवा होता. गेम बनवणाऱ्यांकडून फक्त तीन डॉलर. गेमवाल्यांसाठी उत्तम, गिऱ्हाइकासाठी घात. तेव्हा किमतीचा विनोद ऐकला की एकच विचारावं, ही किंमत उतरू शकते का?

सोनीच्या ‘व्हिटा’चा विनोद मेमरी कार्डावर होता. यंत्र २४९ डॉलरचं आणि त्याच्यासाठीच बनवलेलं ३२ जीबीचं कार्ड १०० डॉलरचं. बाजारातलं साधं कार्ड त्यात चालत नव्हतं. यंत्राचं नाव लॅटिनमध्ये ‘आयुष्य’, आणि ते आयुष्य साठवायला जागा विकत घ्यायची. स्मार्टफोनने हातातल्या कन्सोलांचं पोट मारलं हे खरंच, पण फोनच्या काळातही निन्टेंडोचं ‘३डीएस’ साडेसात कोटींवर गेलं. कार्डाचा काटा प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी टोचला होता.

आपल्या घरातली उपपत्तीही इथे नोंदवायला हवी. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक निन्टेंडोच्या जुन्या यंत्राच्या नकला होत्या. पिवळी-निळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ गेम एकात’, आत ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’ आणि तेच ते पुन्हा पुन्हा. चालत नसली की कॅसेट काढून फुंकर मारायची. आणि या यंत्राविरुद्ध घराघरांत एकच युक्तिवाद चालायचा : त्याने टीव्ही खराब होतो. आम्ही मुलं याला हसायचो. मोठेपणी कळलं, त्यात तथ्य होतं. जुन्या काचेच्या पडद्यावर गुणांचा आकडा किंवा स्थिर चित्र तासन्‌तास तसंच राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो, आणि मोठ्या प्रोजेक्शन टीव्हीवर खेळू नका असं निन्टेंडोच्याच पुस्तिकांत छापलेलं असे. घरात टीव्ही एकच, तो हप्त्यावर घेतलेला, आणि संध्याकाळी त्याच्यासमोर सगळं घर बसणार. ‘टीव्ही खराब होतो’ या तीन शब्दांच्या नकारात ही सगळी परिस्थिती होती. सोनीने पुढे २००९ मध्ये भारतासाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणला, कबड्डी आणि विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ही आणला, प्लेस्टेशन २ वर. प्रयत्न मनापासून होता. पण मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न गेमचा नसायचा, ‘कॉपी सीडी चालते का?’ हा असायचा.

या कॉपीवरूनच ‘ड्रीमकास्ट’कडे वळतो, कारण माझ्या मते न खपलेल्या कन्सोलांत सगळ्यात चटका लावणारं तेच. त्याच्याबद्दल सांगतात की नकली डिस्क सहज चालायच्या म्हणून ते बुडालं. पण नकली डिस्क प्लेस्टेशनवरही चालायच्या, आपल्याकडच्या वाचकाला हे सांगायला नको, आणि प्लेस्टेशन १० कोटींवर गेलं. दुसरी उपपत्ती त्याच्या भोवऱ्यासारख्या चिन्हाची. ते अमेरिकेत आणि जपानमध्ये नारिंगी, युरोपात मात्र निळं होतं, कारण तिथे एका जर्मन प्रकाशकाचं चिन्ह तसंच होतं. फिरणारा भोवरा पैसा गिळतो म्हणे. हे पाहून केलेले विनोद, सोडून देऊ.

खरी गोष्ट ड्रीमकास्ट अमेरिकेत येण्याच्या चार वर्षं आधी सुरू होते. ११ मे १९९५, लॉस एंजेलिस, पहिलं ई३ प्रदर्शन. सेगाचे टॉम कॅलिन्स्की व्यासपीठावर येतात आणि जाहीर करतात की सप्टेंबरमध्ये येणारं सॅटर्न आजपासूनच दुकानात आहे, ३९९ डॉलरला. मोजक्या चार दुकानसाखळ्यांना माल आधीच पोचवला होता. ज्यांना मिळाला नाही ते दुकानदार भडकले, खेळण्यांच्या एका मोठ्या साखळीने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणारे सप्टेंबर धरून बसले होते, त्यांचे गेम तयार नव्हते. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. सॅटर्न एका आकड्याने मेलं, असं तेव्हापासून सांगतात. आकड्याने घाव घातला हे खरं, पण त्याच यंत्राने जपानमध्ये निन्टेंडो ६४ ला मागे टाकलं. तिथे सेगाने दुकानदारांना फसवलं नव्हतं. तिथे ‘व्हर्चुआ फायटर’ होता, आणि जाहिरातीत सेगाता सान्शिरो नावाचा जुडोपटू होता, जो सॅटर्न न खेळणाऱ्या पोरांना उचलून आपटायचा.

म्हणून १९९९ मध्ये ड्रीमकास्ट अमेरिकेत आलं तेव्हा ते कुणाच्या हातात येत होतं ते आठवावं. ज्याने सेगा सीडी घेतलं, ३२एक्स घेतलं, सॅटर्न घेतलं, आणि तिन्ही वेळा कंपनीने पाठ फिरवलेली पाहिली. दुधाने तोंड पोळलेला माणूस. तरीही ९ सप्टेंबरला पहिल्या चोवीस तासांत यंत्रं आणि गेम मिळून ९ कोटी ८४ लाख डॉलरची विक्री झाली. सेगाला आपली अवस्था कळत होती. जपानमधल्या जाहिरातीत कंपनीचे खरेखुरे संचालक हिदेकाझू युकावा होते आणि त्यात मुलं म्हणतात, सेगा भिकार आहे, प्लेस्टेशनच भारी. लोकांचा विनोद कंपनीने स्वतःच्या तोंडाने सांगितला. इतकी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी पाहिलेली नाही. पण ‘प्लेस्टेशन २’ येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ने ड्रीमकास्टसाठी गेम करायला नकार दिला होता, आणि पोळलेलं गिऱ्हाईक थांबून पाहत होतं. मार्च २००१ मध्ये उत्पादन थांबलं. ९१ लाख यंत्रं. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी जवळपास ७० कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि त्याच मार्चमध्ये ते वारले. प्लगचा तो जुना विनोद इथे येऊन संपतो.

‘एक्सबॉक्स वन’चं थोडक्यात सांगतो. मे २०१३ मध्ये त्याचं अनावरण झालं, त्यात टीव्हीचाच गजर जास्त होता, आणि मित्राला गेमची डिस्क द्यायची तर अटी होत्या. पुढच्या महिन्यात सोनीने अर्ध्या मिनिटाहूनही छोटी फीत काढली : प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डिस्कची डबी दुसऱ्याच्या हातात देतो. झालं. मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या, पण प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांवर गेलं आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून विकलेल्या यंत्रांचे आकडे देणंच थांबवलं.

राहता राहिलं ‘वी यू’. त्याच्याबद्दलची उपपत्ती सगळ्यात साधी : लोकांना ते अस्तित्वात आहे हेच कळलं नाही.

आधीच्या ‘वी’चं नाव २००६ मध्ये जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी बोलणारं जग पोट धरून हसलं, कारण लहान मुलं लघवीला तोच शब्द वापरतात. ते यंत्र १० कोटी १६ लाख खपलं. म्हणजे विचित्र नाव मारत नाही. घोटाळ्यात टाकणारं नाव मारतं. ‘वी’च्या काळात निन्टेंडोने गिऱ्हाइकाला काय काय विकलं होतं? वी व्हील, वी झॅपर, वी मोशनप्लस, वी बॅलन्स बोर्ड. चार-पाच वर्षं लोकांना शिकवलं की ‘वी’च्या पुढे काही जोडलं की ती जोडायची वस्तू. मग २०११ च्या ई३ मध्ये ‘वी यू’ दाखवलं, आणि दाखवला तो जवळजवळ फक्त सहा इंची पडद्याचा पांढरा कंट्रोलर. नातवंडासाठी दुकानात गेलेल्या आजीने त्याकडे पाहिलं असेल आणि म्हटलं असेल, आमच्याकडे वी आहे, हे नको. ती चुकली नव्हती, तिला शिकवलं तसंच तिने वाचलं होतं. निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी नंतर मान्य केलं की कंट्रोलरवर इतका भर दिला की गैरसमज झाला.

ज्यांनी घेतलं त्यांचे विनोद वेगळे होते. हातातला पडदा घेऊन फिरता येतं, पण स्वयंपाकघरापर्यंतच, त्यापुढे चित्र तुटतं. ‘रेमन लेजेंड्‌स’ वी यूसाठी जवळजवळ तयार असताना इतर यंत्रांवरही एकदमच आणायचा म्हणून सहा महिने अडवून ठेवला गेला. जानेवारी २०१४ मध्ये निन्टेंडोने वर्षाचा विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणला, आणि इवातांनी पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला. शेवटचा आकडा १ कोटी ३५ लाख.

त्या यंत्रावर २०१४ मध्ये ‘मारिओ कार्ट ८’ आला होता. सुमारे ८४ लाख प्रती गेल्या. २०१७ मध्ये ‘स्विच’ आलं, ज्याचा पडदा घराबाहेरही नेता येत होता, आणि त्यावर तोच गेम थोडी भर घालून पुन्हा काढला. तेच रस्ते, तीच वळणं. ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

५ जून २०२५ ला निन्टेंडोने पुढचं यंत्र आणलं. त्याचं नाव ‘स्विच २’ ठेवलं. पहिल्या चार दिवसांत ते ३५ लाखांहून अधिक लोकांनी घेतलं.